गुरुजींच्या नावाचा रस्ता : नामकरणाची रीत आणि त्याआधी घ्यायचे निर्णय

आपल्या पत्राचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपल्या उपनगरातील वस्तीत चाळीस वर्षे काम केलेले एक शिक्षक, ज्यांना सारा परिसर ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखत असे, दोन वर्षांपूर्वी निवर्तले. वस्तीत नळ नव्हते त्या काळी त्यांनी बायाबापड्यांना बरोबर घेऊन पाण्याच्या टाकीसाठी महापालिकेशी लढा दिला, रात्रशाळा चालवली आणि एका पत्र्याच्या खोलीत वाचनालय सुरू केले. टाकी ज्या रस्त्यावर आहे त्याला लोक ‘टाकी रोड’ म्हणतात आणि त्याच रस्त्याला गुरुजींचे नाव द्यावे, असे रहिवाशांच्या बैठकीत ठरले आहे. अर्ज कोणाकडे करायचा, सोबत काय जोडायचे, विरोध झाला तर काय करायचे आणि नाव दिले गेले तरी ते टिकेल कशावरून, असे आपले चार प्रश्न आहेत. मी महापालिकेच्या नगरसचिव विभागात सत्तावीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे नामकरणाचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात असत. त्या अनुभवावरून सांगतो की चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर अर्ज लिहिण्यापूर्वीच शोधावे लागते.

कायद्याची बाजू फार गुंतागुंतीची नाही. मुंबईला १८८८चा महापालिका अधिनियम लागू आहे, राज्यातील इतर महापालिकांना १९४९चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५चा आणि ग्रामपंचायतींना १९५८चा. शहर असो वा गाव, सूत्र एकच आहे : जो रस्ता ज्या संस्थेच्या मालकीचा आहे, त्याला नाव देण्याचा अधिकार त्या संस्थेचा, आणि तो अधिकार ठरावाने वापरायचा. महापालिकेत महासभा, म्हणजे सर्व नगरसेवकांची सभा, ठराव करते आणि पाटी लावण्यापासून पुढची अंमलबजावणी आयुक्त करतात. आमदारांचे शिफारसपत्र, मंत्र्यांचे पत्र किंवा मंडळाने स्वखर्चाने लावलेली सुंदर ग्रॅनाइटची पाटी यांपैकी कशानेही रस्त्याला नाव मिळत नाही. ठरावाचा क्रमांक आणि तारीख नसेल तर ते नाव कागदावर अस्तित्वातच नसते. अशी ठरावाविना लागलेली पाटी पुढे रस्तारुंदीकरणात निघाली की ती परत लावून देण्याची जबाबदारी कोणावरही नसते, आणि अशा वेळी कुटुंबीयांना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून पहिले काम अर्जाचे नसून चौकशीचे आहे. टाकी रोड नेमका कोणाचा, हे प्रभाग कार्यालयातील रस्ते विभागाच्या उपअभियंत्याकडून लेखी घ्यावे. उपनगरांत एकाच दिसणाऱ्या रस्त्याचा अर्धा भाग महापालिकेचा आणि अर्धा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो; औद्योगिक वसाहतीजवळ तो एमआयडीसीचा निघतो; आणि कित्येकदा, विशेषतः जुन्या ले-आउटमध्ये, तो मूळ जमीनमालकाच्याच नावावर असून महापालिकेकडे हस्तांतरितच झालेला नसतो. हस्तांतर न झालेल्या रस्त्याच्या नामकरणाचा प्रस्ताव सचिव कार्यालयातून हमखास परत येतो आणि त्यात वर्ष जाते. गावाकडे हेच काम ग्रामपंचायतीच्या नमुना २३ वरून होते, कारण पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंद त्या वहीत असते. तिथे रस्ता नोंदलेला नसेल तर आधी नोंद आणि मग नाव, हा क्रम पाळावा लागतो.

दुसरी चौकशी त्याहून महत्त्वाची आहे आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. त्या रस्त्याला याआधीच कोणाचे तरी नाव दिलेले आहे काय, हे पाहायला हवे. माझ्या नोकरीच्या आठव्या वर्षी एका रस्त्याच्या नामकरणाचा ठराव महासभेत एकमताने मंजूर झाला, पाटी लागली, कार्यक्रम झाला आणि महिनाभराने एक वृद्ध बाई जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन कार्यालयात आल्या. त्याच रस्त्याला त्यांच्या वडिलांचे, एका प्राथमिक शिक्षकाचे, नाव देण्याचा ठराव अठ्ठावीस वर्षांपूर्वी झाला होता. अभिलेख कक्षातले ठरावांचे बाड काढून पाहिले तेव्हा ठराव खरोखरच होता. फक्त पाटी कधीच लागली नव्हती. त्या बाई भांडल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारले की माझ्या वडिलांना आता कुठे ठेवणार. तो प्रस्ताव तपासण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांत मीही होतो. त्या दिवसापासून प्रत्येक प्रस्तावाबरोबर ‘यापूर्वी नामकरण झालेले नाही’ असा अभिलेख कक्षाचा लेखी दाखला मी मागू लागलो. आपणही तो मागावा. कोणी दिला नाही तर माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांच्या अर्जावर, त्या रस्त्याच्या संदर्भातील सर्व ठरावांच्या प्रती मागाव्यात.

आता मूळ निर्णयाकडे येतो, आणि इथे माझे मत आपल्या बैठकीच्या निर्णयापेक्षा वेगळे आहे. टाकी रोडला गुरुजींचे नाव देऊ नये, असे मला वाटते.

कारण सांगतो. लोकांच्या तोंडात बसलेले नाव ठरावाने निघत नाही. लोअर परळच्या रस्त्याला ना. म. जोशी यांचे नाव देऊन कित्येक दशके झाली. जोशी म्हणजे मुंबईत १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे आणि १९२० साली आयटक या देशव्यापी कामगारसंघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे कामगारपुढारी. गिरणगावातल्या रस्त्यासाठी याहून योग्य नाव शोधून सापडणार नाही. तरीही गिरणगावच्या तिसऱ्या पिढीच्या तोंडी ‘डिलाईल रोड’च आहे, आणि २०१८ साली बंद पडलेला तिथला पूल २०२३ साली खुला झाला तेव्हा बातम्यांतही तो डिलाईल पूलच होता. डॉ. गोपाळराव देशमुख मार्गाला लोक पेडर रोड म्हणतात आणि डॉ. भडकमकर मार्गाला लॅमिंग्टन रोड. पुण्यात फर्ग्युसन रस्त्याचे अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे आहे आणि सिंहगड रस्त्याचे नरवीर तानाजी मालुसरे यांचे. पण रिक्षावाल्याला ही नावे सांगितली तर तो क्षणभर थांबून विचारात पडतो. ही मोठी माणसे आहेत. त्यांचे स्मरण शाळेच्या पुस्तकांत, संस्थांत आणि ग्रंथांत इतरत्र भक्कम आहे, त्यामुळे रस्त्यावरचे नाव मागे पडले तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. आपल्या गुरुजींचे तसे नाही. त्यांचे नाव टिकायचे तर ते त्या वस्तीतच टिकणार आहे, आणि म्हणून हरणारी लढाई त्यांच्या नावाने लढणे बरोबर नाही.

शिवाय ‘टाकी रोड’ हे नाव पुसण्यात दुसरेही नुकसान आहे. ती टाकी हेच गुरुजींचे काम आहे. आज जी मुले तो रस्ता ‘टाकी रोड’ म्हणतात त्यांना, ‘ही टाकी कशी आली ठाऊक आहे का?’ असे विचारता येते. रस्त्याचे नाव बदलले की त्या गोष्टीची खुंटीच निघून जाते. केंद्रीय गृहमंत्रालयाने १९७५ साली दिल्लीतील रस्त्यांच्या नावांबद्दल जी सूचना काढली होती तिच्यात हाच विचार आहे. नावे बदलल्याने टपालखात्याची आणि लोकांची गैरसोय होते, इतकेच नव्हे तर लोक इतिहासाच्या जाणिवेला मुकतात, म्हणून अस्तित्वातल्या रस्त्यांची नावे बदलू नयेत आणि थोरांची नावे नव्या रस्त्यांना द्यावीत, असा त्या सूचनेचा रोख होता. दिल्लीतच पुढे ती नेहमी पाळली गेली असे नाही आणि ती आपल्या महापालिकेवर बंधनकारक नाही; पण विचार म्हणून मला ती आजही योग्य वाटते. सरकारी कागदांत ‘टाकी रोड’ हे नाव कदाचित नसेलही, म्हणून तांत्रिकदृष्ट्या तो ‘अनामिक रस्ता’ ठरेल आणि नामकरणाला अडचण येणार नाही. लोकांनी ठेवलेले नाव मात्र आपण स्वतःच तपासायचे असते. कार्यालय ते तपासत नाही.

आपल्या पत्रात एका ओळीत उल्लेख आहे की टाकीपासून शाळेकडे जाणारा विकास आराखड्यातला रस्ता गेल्या वर्षी पूर्ण झाला आणि त्याला लोक अजून नुसते ‘नवा रस्ता’ म्हणतात. माझ्या मते गुरुजींचा रस्ता तो आहे. त्याच्या एका टोकाला त्यांनी मिळवलेले पाणी आहे आणि दुसऱ्या टोकाला त्यांनी शिकवलेली शाळा. ‘नवा रस्ता’ हे नाव फार तर तीन-चार वर्षे टिकते. त्यानंतर लोकांना कोणते तरी खरे नाव लागतेच, आणि त्या वेळी आपण दिलेले नाव तिथे असले पाहिजे. ते नसले तर एखाद्या मिठाईच्या दुकानाचे, बँकेच्या शाखेचे वा बिल्डरच्या इमारतीचे नाव आपोआप रस्त्याला चिकटते आणि मग ते निघत नाही. कोऱ्या रस्त्याचा आणखी एक व्यावहारिक फायदा आहे : रहिवाशांना ‘आता आमच्या आधारकार्डावरचा आणि वीजबिलावरचा पत्ता बदलावा लागणार का’ ही भीती राहत नाही, आणि नामकरणाला होणाऱ्या विरोधांपैकी निम्मे विरोध या एका भीतीतून येतात असा माझा अनुभव आहे.

रस्ता ठरला की नावाचे शब्द ठरवायचे. इथे प्रेमापोटी फार चुका होतात. प्रस्तावात ‘कै. आदरणीय लोकनेते समाजभूषण’ अशी विशेषणे रचली जातात, त्यानंतर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि शेवटी कंसात ‘गुरुजी’ असे येते. एवढे सारे पाटीवर मावावे म्हणून अक्षरे बारीक होतात आणि दहा पावलांवरून वाचता येत नाहीत. त्यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की लांब नाव लोक आपल्या सोयीने तोडतात, आणि ते कुठे तुटेल हे आपल्या हातात राहत नाही. पुण्यातला जंगली महाराज रस्ता ‘जे. एम. रोड’ झाला आणि मुंबईतला दादाभाई नौरोजी मार्ग ‘डी. एन. रोड’ झाला, त्या अक्षरांमागे कोण माणूस उभा आहे हे त्या रस्त्यावर रोज नोकरीला जाणाऱ्यांनाही सांगता येत नाही. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग सातशे एक किलोमीटर लांब आहे, पण लोक त्याला ‘समृद्धी’ म्हणतात. म्हणजे तोंडात राहिले ते प्रकल्पाचे नाव. याउलट शिवडी–न्हावा शेवा सागरी पुलाच्या पूर्ण नावातच ‘अटल सेतू’ हे दोन सुटसुटीत शब्द ठेवलेले होते, म्हणून २०२४च्या जानेवारीत पूल खुला झाल्यापासून सगळे तेच म्हणतात आणि ज्यांचे नाव दिले त्यांचे नावही त्यात शाबूत राहते.

मला सर्वांत आवडणारे उदाहरण साताऱ्याचे आहे. त्या शहराच्या दोन मुख्य रस्त्यांपैकी एक राजपथ आणि दुसरा कर्मवीर पथ. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांना लोकांनी दिलेली पदवीच तेवढी घेतली. आडनाव नाही, विशेषणांची माळ नाही. साताऱ्यात ‘कर्मवीर’ म्हटल्यावर दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही, आणि नाव म्हणायला दोन श्वास लागत नाहीत. आपल्याकडेही वस्ती ज्या नावाने हाक मारत होती तेच नाव रस्त्याला असावे. नुसते ‘गुरुजी पथ’ मात्र चालणार नाही, कारण प्रत्येक वस्तीत एक गुरुजी असतात आणि सानेगुरुजींचे नाव तर गावोगावी आहे. म्हणून आडनाव आणि ‘गुरुजी’ एवढे दोन शब्द ठेवावेत आणि पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे व कामाची एक ओळ ही रस्त्याच्या सुरुवातीला लावायच्या स्वतंत्र माहितीफलकावर घ्यावी. ‘कै.’ टाळावे. ते शोकपत्रिकेतले अक्षर आहे. तीस वर्षांनी ते पाटीवर विचित्र दिसते. शिवाय ते सर्वांना लागू पडत नाही, कारण बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ म्हणतात आणि मुस्लिम कुटुंबांत ‘मरहूम’. पाटीवर निव्वळ नाव सर्वांना सारखा मान देते. ‘मार्ग’ की ‘पथ’ की ‘रस्ता’ यावर वाद घालू नये; आपल्या भागातल्या शेजारच्या पाट्यांवर जे आहे ते घ्यावे.

आपण पत्रात गुरुजींना ‘समाजाचे नेते’ म्हटले आहे. या शब्दाचा आपल्याकडे लगेच जातीचा अर्थ घेतला जातो, आणि प्रस्तावात तो शब्द गेला की दुसऱ्या समाजाकडून दुसरे नाव येते, मग दोन्ही प्रस्ताव वर्षानुवर्षे समितीत पडून राहतात. गुरुजींनी पाणी सगळ्यांसाठी आणले आणि रात्रशाळेत सगळ्यांची मुले बसवली, असे आपणच लिहिले आहे. म्हणून परिचयपत्रात त्यांचे काम लिहावे आणि ते परिसरासाठी केलेले काम म्हणून लिहावे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२०मध्ये घेतला तेव्हा महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे सुचवली गेली. वस्तीचे नाव माणसाला त्याच्या जातीत अडकवून ठेवते ही जाणीव त्या निर्णयामागे होती, आणि रस्त्याच्या नावाने तेच मागच्या दाराने परत येऊ नये, याची काळजी आपल्यासारख्या मंडळांनीच घ्यायला हवी.

आता कागदपत्रांचे सांगतो. अर्ज प्रभाग कार्यालयातील सहायक आयुक्तांच्या नावे करावा आणि एक प्रत नगरसचिवांना व एक नगरसेवकांना द्यावी. पोच घेतल्याशिवाय कुठलीही प्रत सोडू नये. सोबत रस्त्याचा नकाशा हवा, ज्यावर आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू स्पष्ट खुणावलेले असतील, लांबी-रुंदी असेल आणि विकास आराखड्यातला क्रमांक असेल. गुरुजींचा दीड-दोन पानांचा परिचय हवा; त्यात विशेषणे कमी आणि वर्षे, कामे, संस्था अधिक असाव्यात, आणि त्या काळातली एखादी बातमी, महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार किंवा शाळेचा दाखला जोडता आला तर फार चांगले. मृत्यूचा दाखला लागतो, कारण हयात व्यक्तीचे नाव न देण्याचे धोरण बहुतेक महापालिकांत आहे आणि ते धोरण मला पूर्णपणे मान्य आहे. कुटुंबीयांचे संमतिपत्र घ्यावे. कित्येक मंडळे हे विसरतात आणि मग नावाच्या अक्षरांवरून घरच्यांचा आक्षेप येतो. रहिवाशांच्या सह्या घेताना प्रत्येकापुढे घर क्रमांक आणि इमारतीचे नाव लिहून घ्यावे. त्या रस्त्यावर प्रत्यक्ष राहणाऱ्या दीडशे माणसांच्या सह्यांना जे वजन असते ते शहरभरातून गोळा केलेल्या दोन हजारांना नसते. दुकानदारांच्या सह्या आवर्जून घ्याव्यात, कारण पुढे नाव रुजवायचे काम त्यांच्या पाट्यांवरूनच होणार आहे.

यानंतर प्रस्ताव प्रभाग समितीत जातो, तिथून शहरातील रचनेप्रमाणे नाव समितीत वा स्थापत्य समितीत, आणि शेवटी महासभेत. मार्च २०२२मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपल्यावर पुढे बराच काळ प्रशासकच महासभेचे अधिकार वापरत होते आणि त्या काळात नामकरणाचे कितीतरी प्रस्ताव ‘सभागृह आल्यावर पाहू’ म्हणून बाजूला राहिले. आपल्या शहरातही असा जुना साठा असेल तर आपल्या प्रस्तावाला वेळ लागेल हे गृहीत धरावे. निवडणूक जवळ आली असेल तर आचारसंहितेच्या आधी घाईने अनावरण उरकण्याचा मोह टाळावा. आचारसंहितेत प्रस्ताव थांबतात आणि कार्यक्रमही थांबतात, शिवाय घाईत लागलेल्या पाटीवर गुरुजींच्या नावापेक्षा ‘यांच्या प्रयत्नांतून’ ही ओळ मोठी असते. सर्व काही सुरळीत झाले तर सहा ते नऊ महिने लागतात. दोन वर्षे लागलेली प्रकरणेही मी पाहिली आहेत.

ठरावाचा मसुदा आपणच लिहून द्यावा, कारण तो कोणीतरी लिहिणारच असतो आणि त्यातला प्रत्येक शब्द पुढे कायमचा होतो. तो साधारण असा असावा : ‘प्रभाग क्रमांक अमुक मधील, विकास आराखड्यातील अमुक मीटर रुंदीच्या, पाण्याच्या टाकीजवळील चौकापासून महापालिका शाळेच्या प्रवेशद्वारापर्यंतच्या रस्त्यास “अमुक गुरुजी पथ” असे नाव देण्यास ही सभा मान्यता देत आहे, सदर नाव देवनागरीत व रोमन लिपीत सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे लिहावे, रस्त्याच्या दोन्ही टोकांस व मधल्या प्रत्येक छेदरस्त्याजवळ नामफलक लावण्यात यावेत, आणि या नामकरणाची नोंद मालमत्ता कर, पाणीपुरवठा व अग्निशमन विभागांच्या अभिलेखांत घेण्यात यावी.’ रोमन लिपीतील अक्षरे ठरावातच बांधून घेण्याचे कारण असे की ती न बांधल्यास रंगारी, नकाशावाले आणि बँक तिन्हीकडे तीन स्पेलिंगे होतात. आरंभ आणि अंत लिहिण्याचे कारण असे की मोघम ठरावावर पुढे कोणी उरलेल्या तुकड्याला दुसरे नाव मागते आणि एकच रस्ता दोन नावांत वाटला जातो. शेवटच्या वाक्यासाठी मी आग्रह धरत असे, आणि त्यातही अग्निशमन विभागाच्या नोंदीसाठी, कारण रात्री दोन वाजता आगीचा फोन करणारा माणूस जे नाव सांगेल ते नियंत्रण कक्षाच्या यादीत असलेच पाहिजे.

विरोध झाला तर काय, हे आपण विचारले आहे. विरोध करणाऱ्याला आधी घरी जाऊन भेटावे. त्याच्याजवळ दुसरे नाव असेल तर ते खरोखर योग्य आहे का याचा प्रामाणिक विचार करावा. असेल तर त्या नावासाठी चौक, उद्यान किंवा वाचनालय सुचवावे आणि आपल्या मंडळाने त्या प्रस्तावालाही सह्या द्याव्यात. एकमेकांच्या प्रस्तावाला अनुमोदक झालेली दोन मंडळे सभागृहात कधी हरलेली मला आठवत नाहीत. ‘या नावाचे रस्ते शहरात आधीच आहेत’ असा आक्षेप आला तर तो मात्र गंभीर समजावा आणि नावात गुरुजींच्या पूर्ण नावातला एखादा भाग घेऊन ते वेगळे करावे, कारण एका शहरात एकाच नावाचे दोन रस्ते असणे हे पोस्टमन आणि रुग्णवाहिका दोघांच्याही दृष्टीने वाईट असते.

काही रहिवाशांनी रस्त्याच्या तोंडाशी कमान किंवा गुरुजींचा अर्धपुतळा उभारावा असे सुचवले आहे, ते करू नये. सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर पुतळे वा बांधकामे उभारण्यास परवानगी देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३च्या अंतरिम आदेशाने मनाई केली आहे, आणि पुतळ्यांसाठी राज्यात वेगळी, बरीच लांब परवानगीप्रक्रिया आहे. तो पैसा वाचनालयाच्या खोलीसाठी आणि रस्त्याच्या माहितीफलकासाठी वापरला तर गुरुजींना अधिक शोभेल.

ठराव झाल्यानंतरचे काम बहुतेक मंडळे सोडून देतात आणि नाव तिथेच मरते. ठरावाची साक्षांकित प्रत मिळाल्यावर तिच्या वीसेक प्रती काढाव्यात आणि स्वतः नेऊन द्याव्यात : पोस्टात, पोलीस ठाण्यात, महावितरणच्या कार्यालयात, रिक्षा संघटनेला, शाळेला आणि त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाला. दुकानदाराला विनंती करावी की नवी पाटी, नवे बिलबुक, नवी पिशवी छापताना पत्त्यात हे नाव घालावे. ऑनलाइन नकाशावर नाव घालण्याची सूचना वस्तीतल्या तरुणांनी पाठवावी आणि ठरावाप्रमाणेच अक्षरे ठेवावीत. शाळेच्या पत्रकात, हळदीकुंकवाच्या निमंत्रणात, गणपती मंडळाच्या अहवालात, लग्नपत्रिकेत ‘अमुक गुरुजी पथ’ असे एकदा छापले जाऊ लागले की दोन वर्षांत ते नाव लोकांचे होते. पाटी गंजली, पोस्टरने झाकली गेली वा कोणी काढली तर ठरावाचा क्रमांक घालून प्रभाग कार्यालयाला पत्र द्यावे. नामफलक विद्रूप करणे हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५चाही विषय आहे, आणि क्रमांक असलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते.

शेवटची गोष्ट आपण विचारलेली नाही, पण आपल्याच पत्रात आहे. आपण लिहिले आहे की टाकीच्या लढ्यात हंडामोर्चासाठी बायकांना घरोघरी जाऊन गुरुजींच्या पत्नीने गोळा केले आणि पुढे वीस वर्षे बालवाडीही त्यांनीच चालवली. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. त्यांचे निधन गुरुजींच्या आधी झाले आणि त्यांच्यासाठी कोणी काही सुचवलेले दिसत नाही. माझ्या हातून गेलेल्या प्रस्तावांत स्त्रियांची नावे बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतली बहुतेक राजघराण्यांतल्या किंवा पुराणांतल्या स्त्रियांची. पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, आणि ज्या उपनगरात त्यांनी हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले तिथेच तो आहे म्हणून ते नाव तिथे शोभते. आपल्या वस्तीत टाकीजवळचा चौक अजून अनामिक असेल तर त्याच अर्जात, त्याच नकाशावर, दुसरा प्रस्ताव म्हणून त्या चौकाला बाईंचे नाव मागावे. दोन्ही ठराव एकाच सभेत येतील, सह्या त्याच चालतील, आणि टाकी रोड, बाईंचा चौक आणि गुरुजींचा पथ ही तीन नावे एकमेकांना लागून राहतील.

नकाशा आणि ठरावाचा मसुदा तयार झाला की सह्या घेण्यापूर्वी अभिलेख कक्षाचा दाखला हातात असल्याची खात्री करावी; तो नसेल तर बाकीचे सारे थांबवून आधी तो मिळवावा.